सतरा सप्टेंबरच्या पुढची पाने

दरवर्षी गणपती उठले की आपल्या सीमाभागातील मंडळांचे अंक, शाळांची हस्तलिखिते आणि वर्धापनदिनांच्या स्मरणिका आमच्याकडे येऊ लागतात. निवृत्तीनंतर वाचनास सवड भरपूर असल्याने आम्ही ते सारे आवडीने वाचतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील एखादा लेख त्यांत असतोच. गेल्या काही वर्षांतील असे लेख आम्ही जपून ठेवले आहेत. यंदा ते ओळीने पुन्हा वाचले, तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. बहुतेक सगळे लेख एकाच संध्याकाळी संपतात. ती संध्याकाळ १७ सप्टेंबर १९४८ ची. निजाम रेडिओवरून युद्धबंदी जाहीर करतो, गावागावांत तिरंगा चढतो, रझाकार पसार होतात आणि लेखक लेखणी खाली ठेवतो. अठरा तारखेला गावात काय झाले, हे त्या लेखांत आढळत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांला त्या अठरा तारखेविषयी, म्हणजे तिच्याविषयी न लिहिल्या गेलेल्या साहित्याविषयी, थोडे बोलायचे आहे. लढा संपला आणि नवे सरकार आले. त्या सरकारकडे बिदर-गुलबर्ग्याच्या माणसांनी कोणत्या नजरेने पाहिले? आनंद किती, भीती किती, अपेक्षा कोणाच्या आणि निराशा कोणाची? मुक्तिसंग्रामावरील आपले मराठी लेखन या प्रश्नाशी फार वेळ थांबत नाही. हा त्या लेखनाचा किरकोळ उणेपणा आहे असे आम्हांस पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. ज्या लढ्याचे लेखन विजयाच्या दिवशी थांबते, त्यात विजय कोणाला कसा मिळाला हेच सांगायचे राहून जाते.

वाचकांस ठाऊक असलेल्या काही तारखा प्रथम एकत्र मांडतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने संस्थानात शिरली. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून पुढे राजेश्वर तिच्या ताब्यात आले. तीच सडक पुढे हुमनाबाद-जहिराबादकडे जाते, आणि ती आपल्यापैकी अनेकांच्या गावावरून जाते. सतरा तारखेच्या पहाटे फौज बिदर शहरात आली. अठराला निजामाच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी लष्करी प्रशासक झाले. डिसेंबर १९४९ मध्ये त्यांच्या जागी वेल्लोडी हे मुलकी अधिकारी मुख्यमंत्री म्हणून आले. मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव यांचे निवडून आलेले सरकार स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यच उरले नाही, आणि आपण म्हैसूर राज्याचे नागरिक झालो. लष्करी अंमल, नेमलेला अंमल, निवडलेला अंमल आणि नंतर नवेच राज्य, असे चार कारभार येथल्या माणसाने आठ वर्षांत पाहिले. ‘नवे सरकार’ हा शब्द त्याच्यासाठी एकवचनी नव्हता.

त्या घटनेला दिली जाणारी नावे पाहिली तरी मतांतर किती होते ते कळते. आपण ‘मुक्ती’ म्हणतो. सरकारी कागदांत ‘विलीनीकरण’ येते. कानडी बांधव ‘विमोचना’ म्हणत आले. २०१९ साली हैदराबाद-कर्नाटकचे ‘कल्याण कर्नाटक’ असे नामांतर झाल्यावर उत्सवाचे नावही त्यानुसार बदलले. जुन्या उर्दू घरांत ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचे पतन, असा शब्द आहे. आणि खेड्यातला माणूस, मग तो मराठी बोलणारा असो, कानडी असो वा दखनी, तो नुसते ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. आमच्या आजी कालगणनाच तशी करीत : अमक्याचे लग्न ॲक्शनच्या आधी, तमक्याचा जन्म ॲक्शनच्या नंतर. या शब्दात जयही नाही आणि पराजयही नाही. एक मोठा धक्का बसला आणि त्यानंतर दिवस वेगळे झाले, एवढेच त्यात आहे. आमच्या मते सामान्य माणसाची त्या काळची नजर या शब्दात जितकी उतरली आहे, तितकी आमच्या पाहण्यातील ग्रंथांत उतरलेली नाही.

ग्रंथांकडे वळू. स्वामी रामानंद तीर्थ यांनी मुक्तिसंग्रामाच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. त्या १९६७ साली प्रसिद्ध झाल्या. स्वामीजी सिंदगीत जन्मलेले, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांचे पुस्तक नेत्याचे आत्मनिवेदन आहे. १९३८ चा सत्याग्रह, स्टेट काँग्रेसवरील बंदी, ऑगस्ट १९४७ मधील ‘भारतात सामील व्हा’ हे आंदोलन, पुन्हा तुरुंग, असा तो प्रवास आहे. त्यातील निःस्पृहता वादातीत. पण संघटकाला लोक दिसतात ते चळवळीत आलेले किंवा न आलेले असे. चळवळीत न आलेला, दाराआडून पाहणारा माणूस अशा पुस्तकात थोडा वेळच येतो. हा दोष स्वामीजींचा नव्हे. आत्मनिवेदन या लेखनप्रकाराची ती मर्यादा आहे.

दिल्लीच्या बाजूने लिहिणारे दोघे महत्त्वाचे. व्ही. पी. मेनन यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात हैदराबादला तीन प्रकरणे दिली. १९४८ साली हैदराबादेत भारताचे एजंट जनरल असलेल्या कन्हैयालाल मुनशींचे पुस्तक १९५७ साली आले. उलट बाजूने निजामाचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी १९६२ मध्ये आपली कैफियत कराचीहून प्रसिद्ध केली. वाटाघाटी, पत्रे, भेटी, दगाफटका यांचा तपशील तिघांकडे विपुल आहे. मात्र तिघेही वरच्या मजल्यावरून पाहतात. भालकीच्या बाजारातल्या माणसाला त्या महिन्यात काय वाटले, हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. ती अपेक्षा आपल्या भाषेतील लेखकांकडून करायची.

अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा १९८७ चा ग्रंथ मराठीत या विषयावरील आधारग्रंथ मानला जातो, आणि ते योग्यच आहे. लढ्यात स्वतः उतरलेल्या आणि पुढे ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादन केलेल्या माणसाचे ते लेखन आहे. आमची अडचण त्याच्या शीर्षकापासून सुरू होते. ‘आणि मराठवाडा’ म्हटले की आपले जिल्हे कडेला जातात. कानडीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने हा भाग कर्नाटक एकीकरणाच्या कथेचे एक प्रकरण ठरतो. मराठीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने तो मराठवाड्याचा राहून गेलेला तुकडा ठरतो. बिदर जिल्ह्याचे प्रत्यक्षात तीन तुकडे झाले. अहमदपूर, उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात आले. जिल्हा असा वाटला गेल्यावर त्याची आठवण सांगणारेही वाटले गेले. अखंड बिदर जिल्ह्याने नवे सरकार कसे अनुभवले, हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही.

नरहर कुरुंदकरांच्या पुस्तकाचे नाव ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ असे आहे. या नावासाठीच आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विमोचन १९४८ चे आणि विसर्जन १९५६ चे. दोन शब्दांच्या मध्ये आठ वर्षांची जागा आहे, आणि विमोचनाने गोष्ट पुरी होत नाही हे कुरुंदकरांनी शीर्षकातच कबूल केले आहे. आपल्या स्मरणिकांनी पहिला शब्द उचलला आणि दुसरा सोडून दिला.

एका आत्मचरित्राचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. सेतुमाधवराव पगडी हे निलंग्याचे, म्हणजे जुन्या बिदर जिल्ह्याचे. निजामाच्या मुलकी सेवेत ते अधिकारी होते. पुढे महाराष्ट्रात गॅझेटियरचे काम त्यांनी पाहिले. ‘जीवनसेतू’ हे त्यांचे आत्मचरित्र. सरकार बदलले तरी ज्याला दुसऱ्या दिवशी कचेरीत जावे लागले, अशा माणसाचे हे लेखन असल्याने आम्ही ते एका निवृत्त अंमलदाराच्या आस्थेने वाचले. आपल्या घराण्यांतील किती तरी माणसे याच वर्गातील होती. पटवारी, पेशकार, गिरदावर, तहसिलातील कारकून, वकील, शिक्षक. ही माणसे उर्दूतून शिकलेली, निजामी अमलात पोट भरणारी, आणि मनातून तिरंग्याची वाट पाहणारी. त्यांची मनःस्थिती सरळ नव्हती. त्यांनी लिहायला हवे होते. बहुतेकांनी लिहिले नाही.

त्यांनी लिहिले असते तर काय आले असते? लहानपणी माळवदावर झोपताना वडीलधाऱ्यांची जी बोलणी कानावर पडली, त्यांवरून आम्ही थोडा अंदाज करू शकतो. पहिली गोष्ट सुटकेची. रात्री दाराला कडी घालताना हात कापत नाही, हे सुख. सोलापूर-बार्शीकडे निघून गेलेली कुटुंबे परत आली, याचा आनंद. यात शंका घेण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट बुचकळ्यात पडण्याची. ज्याच्या विरुद्ध लढलो तो निजाम २६ जानेवारी १९५० पासून त्याच राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत राहिला. दिल्लीच्या हिशेबात हे शहाणपणाचे असेल. गावच्या चावडीवर ते कोणाला नीट समजावून सांगता आले नाही. अव्वल तालुकदाराचा कलेक्टर झाला, फसली सन हळूहळू मागे पडला, हाली रुपया जाऊन कलदार आला. सात हालीचे सहा कलदार हा हिशेब बाजारात प्रत्येकाने स्वतः करून पाहिला, आणि आपल्या गाठीचे एक नाणे नव्या सरकारने खाल्ले अशी कित्येकांची भाबडी समजूत झाली.

तिसरी गोष्ट जमिनीची. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या आणि सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी जमीन, सरकारात जमा झाली. १९५० साली कूळकायदा आला. कुळाच्या दृष्टीने खरे सरकार त्या दिवशी आले. जहागीरदाराच्या हाताखालच्या देशमुख-देशपांड्यांच्या दृष्टीने त्याच दिवशी ते थोडे परके झाले. आपल्या घराण्यांपैकी अनेकांनी सप्टेंबर १९४८ मध्ये पेढे वाटले आणि दोनच वर्षांनी त्याच सरकारला शिव्या दिल्या. हे सांगण्यात कमीपणा नाही. माणूस सरकारकडे आपल्या बांधावर उभा राहून पाहतो.

चौथी गोष्ट नोकरीची. लष्करी अमलात मुंबई, मद्रास, मध्यप्रांतातून अधिकारी आले. त्यांना उर्दू येत नव्हते, आणि येथल्यांचे इंग्रजी कच्चे. स्वातंत्र्य आले, पण खुर्चीवर बाहेरचा बसला, ही तक्रार सर्व भाषांच्या लोकांत होती. सप्टेंबर १९५२ मध्ये तिचा स्फोट झाला. मुलकी हक्कांसाठी वरंगळ आणि हैदराबादेतले विद्यार्थी रस्त्यावर आले, हैदराबादेत गोळीबार झाला आणि माणसे मेली. मुक्तीला अजून चार वर्षेही पुरी झाली नव्हती.

हे आपल्याकडेच झाले असे समजू नये. अमेरिकेतील वसाहतींनी इंग्रजांशी लढून १७८३ मध्ये तहाने स्वातंत्र्य पक्के केले. तीनच वर्षांनी, १७८६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी कोर्टांची दारे अडवली, कारण कर आणि कर्जवसुलीपायी त्यांच्या जमिनी जात होत्या. त्यांचा पुढारी डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. ज्या सरकारसाठी बंदूक धरली त्याच सरकारपुढे ती पुन्हा धरावी लागली, याचे त्या लोकांना काय वाटले असेल? अमेरिकेच्या इतिहासलेखनाने हे बंड झाकून ठेवले नाही. पुढच्याच वर्षी जी घटना तयार झाली, तिच्या कारणांत ते या बंडाची गणना करतात. आपले लेखन मात्र मुलकी चळवळीला तेलंगणाचा प्रश्न म्हणून सोडून देते.

आता अधिक अवघड पानाकडे येतो. रझाकारांच्या अत्याचारांविषयी आपल्याकडे लिहिले गेले आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. बसवकल्याण तालुक्यातील गोरट्यास मे १९४८ मध्ये जे हत्याकांड झाले, त्यात दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली असे सांगितले जाते. २०२३ साली तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले. पंचाहत्तर वर्षांनी का होईना, मृतांना दगडाचा आधार मिळाला. त्याविषयी आमच्या मनात दुसरा विचार नाही.

परंतु पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत जे झाले त्याचे काय? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती भारत सरकारच्या इच्छेनेच १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरली. सोळांपैकी नऊ जिल्हे तिने पाहिले. कमीत कमी धरले तरी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. मृत बहुतांशी मुसलमान होते. सर्वांत अधिक हानी झालेले चार जिल्हे तिने नावानिशी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांतच १८ हजारांहून कमी माणसे मेली नसावीत, असे तिचे म्हणणे. सरकारने अहवाल तेव्हा प्रसिद्ध केला नाही. २०१३ साली दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो अभ्यासकांना पाहण्यास मिळू लागला आणि त्याच वर्षी ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथात छापलाही गेला. आकड्यांवर वाद आहेत आणि अभ्यासकांनी ते करावेत. पण चारांपैकी दोन जिल्हे आपले आहेत, हे वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

त्याच अहवालात दुसरी एक गोष्ट आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, अशीही नोंद समितीने केली. आपल्याकडे माणिकप्रभूंची सकलमताची शिकवण आहे. गुलबर्ग्यात बंदे नवाजांच्या उरुसाला आणि गाणगापुरास दत्तदर्शनाला जाणारी माणसे एकाच गावातून निघत. अशा प्रदेशात दोन्ही गोष्टी घडल्या. जो लेखक पहिली गाळतो त्याला दुसरी सांगण्याचाही अधिकार उरत नाही, असे आमचे मत आहे.

हे मत आम्हांस फुकट मिळालेले नाही. आमचे आजोबा भालकी तालुक्यातील एका गावचे पटवारी. त्या सप्टेंबरात त्यांनी गावातल्या शिंप्याचे कुटुंब आमच्या वाड्यातील बळदात अकरा दिवस लपवले. धान्याच्या त्या काळोख्या खोलीत भाकरी पोचवण्याचे काम आमच्या वडिलांकडे होते. ते तेव्हा सोळा वर्षांचे होते. ही कथा आमच्या घरात प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते. आम्हीही ती अनेकदा, आणि अभिमानाने, सांगितली आहे.

निवृत्तीनंतर घरच्या वाटणीसाठी आम्ही जुन्या नकला काढल्या. सारी नोकरी महसुलात गेल्याने कागद कोठे शोधायचे ते ठाऊक होते. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात आमच्या ओढ्याकाठच्या जमिनीपुढे आजोबांचे नाव होते. त्यामागचा फेरफार उर्दूत होता. तो एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून वाचून घेतला. जमीन १३५८ फसलीत, म्हणजे ॲक्शननंतरच्या पहिल्याच वर्षात, खरेदी झाली होती. देणारा मुसलमान होता. किंमत वाचताना शिक्षक क्षणभर थांबले आणि त्यांनी आकडा पुन्हा वाचला. त्या दिवसांत चांगल्या बैलजोडीला जे पडले असते, त्याहून ती फारशी अधिक नव्हती. देणारे कुटुंब हैदराबादला निघून गेले, एवढे वडिलांच्या बोलण्यात एकदा आल्याचे आम्हांस स्मरते. बळदाची कथा शंभर वेळा सांगणाऱ्या आमच्या घरात ओढ्याकाठच्या जमिनीची कथा कोणी एकदाही सांगितली नव्हती.

आजोबांवर आम्ही येथे खटला चालवीत नाही. त्यांनी जमीन हिसकावली नाही. कागद रीतसर आहे. जाणाऱ्याला रोकड हवी होती आणि घेणारा समोर होता. ज्यांनी अकरा दिवस जीव धोक्यात घातला तेच हे आजोबा. परंतु त्या विकणाऱ्या माणसाला नव्या सरकारविषयी काय वाटले असेल? त्याचा प्रतिनिधी, गावातले सरकार, म्हणजे पटवारी, म्हणजे आमचे आजोबाच होते. त्याने आपली जमीन सरकारलाच विकली, असे त्याला वाटले नसेल का? आमच्या घरच्या आठवणीत सरकार दिल्लीहून आले. त्याच्या आठवणीत ते आमच्या ओसरीवर बसलेले होते.

आपल्या लेखनाची उणीव आम्हांस या जागी नेमकी दिसली. त्यात खोटे काही नसते. बळदाची कथा खरीच आहे. फक्त दोन कथांपैकी एक निवडलेली असते, आणि निवड करणारा स्वतःला निवड करताना पाहत नाही.

एक आक्षेप येईल, तो आधीच घेतो. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या जखमा उकरून काय साधणार, शिवाय आज वातावरण असे असताना? आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला आमचे उत्तर एका निवडणुकीचे. १९५२ च्या आरंभाच्या सुमारास येथल्या लोकांनी प्रथमच लोकसभेसाठी मत दिले. गुलबर्ग्यातून स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले, हे आपण अगत्याने सांगतो. त्याच वेळी बिदरमधून शौकतुल्ला शाह अन्सारी निवडून आले, हे आमच्या संग्रहातील एकाही लेखात नाही. ज्या दोन जिल्ह्यांत साडेतीन वर्षांपूर्वी एवढे घडले, त्यांपैकी एकाने संन्यासी पाठवला आणि दुसऱ्याने मुसलमान काँग्रेसवाला. एका निवडणुकीवरून साऱ्या जनतेचे मन वाचू नये. तरीही नव्या सरकारकडे पाहण्याच्या नजरेत सूड हा एकच रंग नव्हता, याची ही जाहीर साक्ष आहे. दंगलीचे पान आपण फाडून टाकले, त्याबरोबर त्याच्या पाठीवरचे हे पानही गेले.

आपली स्वतःची तक्रार १९५६ ची आहे. भाषा गेली, शाळा आटल्या, नोकरीत मुले मागे पडली. १९६७ चा महाजन अहवाल, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला महाराष्ट्राचा दावा, हे विषय आपल्या अंकांत सतत येतात आणि ते येणे रास्त आहे. नव्या राज्यकर्त्याची भाषा आपली नसली म्हणजे कचेरीच्या पायरीवर कसे वाटते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? म्हणूनच १९४८ नंतर उर्दूतून शिकलेला शेजारी त्याच पायरीवर कसा उभा राहिला असेल, हे समजून घेण्याची ताकद आपल्या लेखकांत सर्वांहून अधिक असायला हवी. ती वापरली गेली नाही, ही आमची तक्रार आहे. आणि लिहिता येत असून इतकी वर्षे न लिहिणाऱ्या आम्हांलाही ती लागू आहे.

शेवटी एक विनंती. १९४८ मध्ये जे पंधरा-सोळा वर्षांचे होते त्यांनी आता नव्वदी ओलांडली आहे. आपल्या घरांत अशी दोन-चार माणसे उरली असतील. त्यांच्याकडे जाऊन झेंडा कोणी लावला हे जरूर विचारावे, आणि त्याच बैठकीत अठरा तारखेचेही विचारावे. गावातून कोण गेले? त्यांची घरे, विहिरी, जमिनी कोणाकडे आल्या? पहिला नवा अंमलदार आला तेव्हा त्याच्याशी कोणत्या भाषेत बोललात? निजाम राजप्रमुख झाला तेव्हा घरात काय बोलणे झाले? पहिले मत कोणाला दिले? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत. मोडीतले आणि उर्दूतले कागद रद्दीत घालू नयेत; वाचून देणारी माणसे अजून आहेत.

ओढ्याकाठच्या जमिनीची हकीकत आम्ही आमच्या मुलांना यंदाच्या सतरा सप्टेंबरला सांगितली. धाकट्याने विचारले, त्या माणसाचे नाव काय होते? फेरफारात ते नाव आहे. ते आम्ही मुलांना सांगितले आणि घरच्या वहीत बळदाच्या कथेखाली लिहून ठेवले.